यादीत शिवणकाम नाही, मग माझं कृपादान कोणतं?

पायमशीन (अहिल्यानगर)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

लग्न होऊन नगरला आले त्याला 22 वर्षं झाली. घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. रविवारची उपासना चुकवत नाही, महिला मंडळाच्या सभेलाही जाते. पण सभेत कुणी प्रार्थनेसाठी माझं नाव घेतलं की घसा कोरडा पडतो. गाण्याचंही तसंच. उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक हातात उघडं असतं, मी नुसते ओठ हलवते.

यंदा उपवासकाळात आमच्या मंडळीत सहा आठवडे कृपादानांवर, म्हणजे पवित्र आत्मा प्रत्येकाला देतो त्या दानांवर, बायबल अभ्यास झाला. शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात कागद दिला आणि सांगितलं, तुमचं कृपादान लिहा. शेजारच्या बाईंनी 'शिकवणे' लिहिलं, माझ्या जावेनं 'मध्यस्थीची प्रार्थना' लिहिलं. मी कोरा कागद घडी घालून पवित्र शास्त्रात ठेवला. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायात, जिथे कृपादानांची यादी आहे, तिथे तो अजून आहे. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "शिवण हे पोटापाण्याचं गं, कृपादान वेगळं." त्या मायेनंच बोलल्या, पण मला ते लागलं.

आता पाळकीणबाईंनी पेन्टेकॉस्टसाठी, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणासाठी, वेदीचं आणि व्यासपीठाचं लाल वस्त्र शिवायला सांगितलंय. कापड आणून आठ दिवस झाले, कात्री लावायचा धीर होत नाही. इतरांच्या ऑर्डरी करते तशी हीही करायची, की ही उपासना आहे? उपासना असेल तर ती कशी करायची? आणि माझ्यासारखीनं पवित्र शास्त्रात कुणाचं आयुष्य वाचावं? मोशे, दावीद, पौल यांची उदाहरणं ऐकत आले, पण तिथे माझं पाऊल बसत नाही. रात्री वाचायला बसले की दोन वचनांत डोळा लागतो. विश्वास जिथे होता तिथेच थांबलाय असं वाटतं. कुणी अनुभव सांगाल का?

---

निवृत्त गुरुजी (सोलापूर)

ताई, सलाम. आधी त्या यादीचे बोलतो.

पौलाने करिंथकरांस 12:8-10 मध्ये नऊ दाने सांगितली. त्याच अध्यायाच्या 28व्या वचनात पुन्हा यादी केली, तीत 'साहाय्य' आले, जे आधी नव्हते. रोमकरांस 12 मध्ये सात आहेत आणि त्यांत सेवा, दान देणे, दया करणे ही आहेत. पेत्राने तर आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात दोनच भाग पाडले, बोलणारे आणि सेवा करणारे. एकच यादी पुरी असती तर पौलाने ती दर वेळी वेगळ्या तऱ्हेने लिहिली नसती. ज्या मंडळीला जे सांगायचे होते तेवढे त्याने सांगितले. त्यामुळे यादीत नाव नाही म्हणून कागद कोरा ठेवू नका.

आता कुणाचे आयुष्य वाचावे? पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाचा 31वा अध्याय उघडा. उरीचा मुलगा, हूराचा नातू बसालेल. देवाच्या आत्म्याने भरलेला, असे पवित्र शास्त्रात नाव घेऊन पहिल्यांदा म्हटले आहे ते या माणसाविषयी. त्याने राज्य केले नाही, संदेश सांगितला नाही. त्याला सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांचे कसब होते. त्याच्या जोडीला दान वंशाचा अहलियाब होता, तो निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताचे वेलबुट्टीकाम करणारा. ताई, हा तर तुमच्याच धंद्यातला.

आणखी एक, जे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 35:34 मध्ये म्हटले आहे की देवाने या दोघांच्या मनात दुसऱ्याला शिकवण्याची बुद्धीही घातली. तुमच्याकडे कुणी शिवण शिकायला येते का?

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, तेव्हा ते आधीपासूनच कवी होते. हातात होता तो अभंग, ते कीर्तन त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी ठेवले. आपण रविवारी गातो त्यांतली कितीतरी गीते तिथून आली. शिक्षक म्हणून मी चाळीस वर्षे मुलांना सांगत आलो की आपल्याजवळ काय आहे ते आधी बघा. मंडळीत मात्र आपण दुसऱ्याजवळ काय आहे तेच बघत बसतो, याचे मला वाईट वाटते.

---

केडगावची नात

ताई, तुमचा प्रश्न वाचून पणजीची आठवण झाली. ती केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. पंडिता रमाबाईंनी तिथे मुलींना विणकाम, शिवण, शेती सगळं शिकवलं, छापखानाही होता. रमाबाईंनी पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते छापायला मुक्तीतल्याच मुली खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायच्या. काम पुरं झालं आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या.

1905 मध्ये मुक्तीत जे संजीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती, झालं त्याबद्दल खूप बोललं जातं. त्या रडण्याच्या आणि प्रार्थनेच्या गोष्टी मीही ऐकल्यात. पण आमच्या घरात सांगितलं जायचं ते खिळ्यांचं. अक्षर उलटं वाचायचं, एकेक उचलायचं, ओळ बांधायची. आजी म्हणायची, तिच्या आईला जी वचनं पाठ होती ती हातानं पाठ झाली होती. रात्री डोळा लागतो म्हणता ना, मग एक वचन कागदावर लिहून मशीनसमोर चिकटवा. दिवसभर तेवढंच.

आणि प्रेषितांची कृत्ये 9 मधली टबीथा विसरू नका. नव्या करारात स्त्रीसाठी 'शिष्या' हा शब्द एकदाच येतो, तो तिच्यासाठी. तिच्या तोंडचं एकही वाक्य लूकनं लिहिलेलं नाही. ती गेली तेव्हा विधवा रडत पेत्राला तिनं शिवलेले अंगरखे दाखवत होत्या. तीच तिची साक्ष.

---

की-बोर्डवाला (पिंपरी)

वरचं सगळं पटतं, तरी माझा अनुभव सांगतो, कारण मी यात ठेचकाळलोय.

तीन वर्षं मी मंडळीत की-बोर्ड वाजवला. लोक कौतुक करायचे. हळूहळू उपासनेत माझं लक्ष फक्त सुरावटीवर राहिलं. संदेश सुरू झाला की मी मागे जाऊन वायरी गुंडाळायचो. घरी पवित्र शास्त्र उघडणं बंद झालं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

तेव्हा पाळकसाहेबांनी निर्गम 31 आणि 32 लागोपाठ वाचायला लावले. 31 मध्ये बसालेल. 32 मध्ये मोशेचा भाऊ अहरोन लोकांच्या कानातलं सोनं घेतो, हत्यारानं घडवतो आणि सोन्याचं वासरू करतो. पुढे 35 मध्ये लोक पुन्हा कानातलं घेऊन येतात, यावेळी निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी. सोनं तेच, कसबही तेच. त्या रात्री मी खूप रडलो.

बसालेलाबद्दल सांगून झाल्यावर त्याच 31व्या अध्यायात देव लगेच शब्बाथाबद्दल बोलतो. म्हणजे त्याच्या मंडपाचं काम असलं तरी सातव्या दिवशी थांबायचं. मी चार महिने वाजवणं थांबवलं आणि बाकावर बसून नुसतं गायलो. ताई, लग्नसराईत तुमची मशीन रविवारी चालते का, हे मी विचारणारा कोण, पण माझं वळण तिथेच आलं म्हणून लिहिलं.

---

वसईची सुई

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे पवित्र आत्म्याची सात दाने यशया 11 वरून शिकवतात: सुज्ञता, समज, सल्ला, सामर्थ्य, ज्ञान, भक्ती, देवाचे भय. आमच्या यादीतही शिवण नाही हो! पण मी चर्चसाठी वस्त्रं शिवते आणि कापायला बसण्याआधी यातलं एक दान मागते. बहुधा सल्ला. पेन्टेकॉस्टचं लाल म्हणजे अग्नीच्या जिभा, तेव्हा लाल गडद घ्या, गुलाबीकडे झुकणारं नको. वेदीवरून खाली लोंबणाऱ्या भागाला अस्तर हवंच, नाहीतर दोन वर्षांत कडा सुटतात.

---

पायमशीन (अहिल्यानगर)

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

गुरुजी, तुम्ही 31वा सांगितलात, पण मला थोडं आधीपासून वाचायची सवय, म्हणून 28 पासून सुरू केलं. तिथे तिसऱ्याच वचनात देव म्हणतो की ज्यांना त्यानं ज्ञानाच्या आत्म्यानं भरलं आहे त्यांना अहरोनाची वस्त्रं करायला सांग. वस्त्रं! मी उठून दिवा लावला आणि पुढे वाचत राहिले. 32व्या वचनात झग्याच्या गळ्याबद्दल आहे. गळ्याभोवती विणलेला गोट असावा, म्हणजे तो फाटणार नाही. गळपट्टी, दुसरं काय! ती मी रोज लावते. पट्टी नसली की गळा पहिल्या धुण्यात ताणतो, हे कुठल्याही शिंप्याला ठाऊक असतं. देवानं ते मोशेला सांगून ठेवलंय. त्या रात्री डोळा लागला नाही.

भाऊ, हो, लग्नसराईत मशीन रविवारी दुपारी चालायची. गेला रविवार झाकून ठेवली. एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज सोमवारवर गेला, ती नाराज झाली. तरी पुढचा रविवारही झाकूनच ठेवणार आहे.

माझ्याकडे दोन मुली शिकायला येतात, त्यांना हे सांगितलं नव्हतं. काल तिघींनी मिळून कापड पसरलं. मी प्रार्थना केली, मोठ्यानं, चारच वाक्यांची. मग कात्री लावली. केडगावच्या ताई, ते 32वं वचन मशीनसमोर लावलंय. कागद तोच वापरला, घडी घातलेला.

वसईच्या ताई, कापड गडद लाल आहे. आता अस्तर लालच लावू की पांढरं, तेवढं सांगा, मुली शनिवारी येणार आहेत.