अपडेट झालं आणि प्रिंटर बसला (किंवा वायफाय, वजनकाटा, आवाज, काहीही) – आपापले अनुभव लिहा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ओळखीपाळखीतले बरेच जण ११ वर गेलेत किंवा ढकलले गेलेत आणि मला फोन येतात ते सगळे एकाच सुरात, 'अरे काल रात्रीपर्यंत चालत होतं'. दुकानात नेलं की तो बघतो न बघतो तोच 'नवीन घ्या' म्हणतो. माझं म्हणणं एवढंच आहे की अपडेटनंतर बंद पडलेली वस्तू बहुतेक वेळा जळालेली नसते, मशीन आणि वस्तू यांच्यातला ड्रायव्हर नावाचा दुभाषा बदललेला असतो, नाहीतर कुठलीतरी परवानगी गेलेली असते, आणि हे घरी बसून तपासता येतं. तर लिहा, काय बंद पडलं, खरं कारण काय निघालं, कशाने सुटलं. 'फॉरमॅट मारा' हे उत्तर नको, ते सगळ्यांना येतं.

सुरुवात मीच करतो. लॅपटॉप अपडेट होऊन उठला तर वायफायची खूणच गायब, नुसता पृथ्वीचा गोळा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या सगळ्या वस्तूंची विंडोजची यादी) वायफायच्या कार्डावर पिवळा त्रिकोण, कोड १०, म्हणजे वस्तू सुरूच होत नाही. ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर पाहिजे, असा पेच. मोबाईल केबलने लावून यूएसबी टिथरिंग, म्हणजे मोबाईलचं नेट केबलमधून लॅपटॉपला, चालू केलं (हे लक्षात ठेवा, वायफाय मेलं तरी हे चालतं), कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेऊन टाकला, तरी ढिम्म. सुटलं ते कशाने, तर लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि पॉवरचं बटण मिनिटभर दाबून धरलं. आतला उरलासुरला करंट उतरतो आणि कार्ड नव्याने सुरू होतं. नुसतं शट डाउन करून उपयोग नव्हता, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, ड्रायव्हर ज्या अवस्थेत आहेत तीच डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी परत उचलते. म्हणून काहीही बिघडलं की आधी 'रीस्टार्ट', शट डाउन नाही.

दूध केंद्रवाला, सांगलीकडचा

आमचं दूध संकलन केंद्र हाय. काटा आणि फॅटचं मशीन दोन्ही कॉम्प्युटरला जोडलेलं, जुन्या नऊ पिनांच्या वायरी आणि मधी यूएसबीची निळी केबल. पहाटेला माणसं कॅन घेऊन उभी आणि स्क्रीनवर वजनच येईना. काट्यावर आकडा दिसतोय, कॉम्प्युटरवर शून्य. त्या दिवशी सगळं वहीत लिहून घेतलं. दुपारी डिव्हाइस मॅनेजर उघडला तर केबलच्या नावाच्या जागी इंग्रजीत चक्क निरोप, ही चिप २०१२ पासून बंद केली, सप्लायरला भेटा! म्हणजे केबल चांगली, चिप चांगली, पण नवा ड्रायव्हर जुन्या चिपला हातच लावत नाही. पोराने अपडेट ड्रायव्हर मध्ये जाऊन, ब्राउज, मग 'लेट मी पिक' करून यादीतला जुना ड्रायव्हर निवडला, केबल लगेच चालू. पण तरी वजन येईना, कारण पोर्टचा नंबर कॉम ३ चा कॉम ५ झालेला आणि दुधाचं सॉफ्टवेअर अजून ३ वरच बघत बसलेलं. पोर्ट सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन नंबर परत ३ केला. पुढच्या मोठ्या अपडेटला ड्रायव्हर पुन्हा बदलला बघा. मग दुसऱ्या चिपची केबल घेतली आणि विषय मिटवला.

एम्बेडेडवाला, पुणे

वरच्या केबलवरून आठवलं, याहून भारी प्रकार ऑक्टोबर २०१४ मध्ये झालाय. एफटीडीआय म्हणून अशाच चिप बनवणारी कंपनी आहे, त्यांचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि तो नकली चिप सापडली की तिच्या आतला प्रॉडक्ट आयडीच शून्य करून टाकायचा, त्यामुळे ती केबल दुसऱ्या मशीनला लावली तरी ओळखली जायची नाही. जगभर बोंब झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला. नकली माल वाईटच, पण गिऱ्हाईकाला कुठून कळणार हो आत कोणाची चिप आहे ते?

डीटीपीवाली, डोंबिवली

माझ्याकडे दोन किस्से आहेत. एक, लग्नपत्रिकांच्या सीझनमध्ये अपडेट झालं आणि प्रिंटर 'ऑफलाइन'. यादीत बघते तर त्याच नावाचा दुसरा प्रिंटर, पुढे 'कॉपी १'. विंडोजने त्याला नवीन समजून नवीन पोर्टवर बसवला होता आणि माझं कोरलड्रॉ जुन्यालाच प्रिंट पाठवत होतं. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, तिथे यूएसबी००१ ची टिक काढून यूएसबी००२ वर केली, झालं.

दुसरा किस्सा त्रासदायक. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर एका पीसीवरून शेअर केलेला प्रिंटर बाकीच्या पीसींना दिसायचा पण जोडला जायचा नाही, एररच्या शेवटी ११बी. कारण असं की छपाईच्या यंत्रणेत सुरक्षेची भोकं सापडली होती आणि ती बुजवताना दोन पीसींनी एकमेकांची खात्री पटवायचा नियम कडक केला. नेटवर सगळीकडे रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांची वही) एक किंमत शून्य करा म्हणून सांगतात, चालतंही त्याने, पण ते म्हणजे बुजवलेलं भोक परत उघडणं आहे, मी केलं नाही. प्रिंटरला लॅनची, म्हणजे नेटवर्कच्या केबलची, जागा होतीच, थेट त्याच्या आयपी पत्त्याने प्रत्येक पीसीवर जोडला. पत्रिका छापतो आम्ही, पण गिऱ्हाइकांची आधार कार्डं पण त्याच पीसीवर पडलेली असतात.

नागपूर, रिटायर्ड

आवाज गेला. मुलगा नवे स्पीकर आणाले निघाला होता. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या खुणेवर क्लिक केलं तं आवाज मॉनिटरवर जाऊन राहिला होता, एचडीएमआयवर. त्या मॉनिटरले स्पीकरच नाही बाप्पा. यादीतून जुना निवडला. संपलं.

न्यू जर्सीहून

माझा मॅकचा अनुभव. घरातली जुनी मोडी कागदपत्रं स्कॅन करायला चांगला फ्लॅटबेड स्कॅनर होता. २०१९ मध्ये मॅकची कॅटालिना ही नवी आवृत्ती टाकली आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर उघडेना. कॅटालिनापासून ३२ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत, आणि स्कॅनरच्या कंपनीने ६४ बिटचं काही काढलंच नाही, जुनं मॉडेल म्हणून हात वर केले. काच स्वच्छ, दिवा लागतोय, आणि म्हणे कचऱ्यात टाका. व्ह्यूस्कॅन नावाचं पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात जुन्या स्कॅनर्सचे ड्रायव्हर त्यांनी स्वतःच लिहिलेत, त्यावर अजून चालतोय.

लिनक्सवाला

सगळे विंडोजला शिव्या देतायत म्हणून आमच्या घरचंही सांगतो. उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अपडेट झाला आणि वायफाय गेलं. माझ्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलबरोबर येत नाही, प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस नावाचं साधन तो परत बांधतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइली उतरल्याच नव्हत्या. ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना येणारा मेनू) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' घेऊन जुना कर्नल सुरू केला, वायफाय आलं, हेडर टाकले, नव्यावर परत आलो. जुना कर्नल आपोआप शिल्लक ठेवतात ही सोय मला फार आवडते.

आणि लिनक्स न वापरणाऱ्यांनाही उपयोगी, पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालू करून बघा. तिथे कॅमेरा, आवाज, वायफाय चालत असेल तर वस्तू ठीक आहे, दोष सॉफ्टवेअरचा. तिथे नाही चाललं तरी लगेच मेली समजू नका, लिनक्सकडे तिचा ड्रायव्हर नसेल.

ई-सेवा केंद्र, बीड जिल्हा

अपडेट झालं की बोटाचे ठसे घ्यायचं मशीन 'नॉट रेडी'. लाल दिवा लागतो म्हणजे मशीन जिवंत. त्याची आरडी सर्व्हिस (मागे चालणारा मशीनचा प्रोग्राम) बंद पडलेली असते, सर्व्हिसेस मध्ये जाऊन रीस्टार्ट करायची. तरी नाही झालं तर फायरवॉल बघा, ती सर्व्हिस त्याच पीसीवर १११०० ते १११२० मधल्या पोर्टवर बोलते, अँटीव्हायरस अडवतो.

अपडेटविरोधी

म्हणून मी अपडेट बंद करून ठेवलंय. कटकटच नाही.

धागाकर्ता

@अपडेटविरोधी, डीटीपीवाल्या ताईंचा दुसरा किस्सा परत वाचा. आणि अपडेटचा दोष मी नाकारत नाहीये. ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटनंतर दुरुस्तीच्या स्क्रीनवर यूएसबी कीबोर्ड-माउसच चालेनात, म्हणजे दुरुस्त करायला आत जावं तर बटणच दाबता येत नाही! मायक्रोसॉफ्टने २० तारखेला, ऐन दिवाळीत, तातडीचं अपडेट काढून ते निस्तरलं. तोवर ज्यांच्याकडे जुना गोल पिनेचा पीएस/२ कीबोर्ड होता त्यांचं चाललं. माळ्यावरचं सामान काढताना जरा बघून काढा.

जि. प. शाळा, शिक्षिका

आमचं अजून सुटलेलं नाही म्हणून लिहितेय. वर्गातल्या टच बोर्डावर बोट लावलं की बाण बोर्डावर न हलता टेबलावरच्या मॉनिटरवर हलतो. अपडेटच्या आधी नीट होतं. कॅलिब्रेशन करून झालं, केबल बदलून झाली, मुलं हसतात.

एम्बेडेडवाला, पुणे

मॅडम, विंडोज कुठल्या स्क्रीनला टच आहे ते विसरलंय. कंट्रोल पॅनेलमध्ये 'टॅब्लेट पीसी सेटिंग्ज', त्यात 'सेटअप', मग टच निवडा. पांढऱ्या स्क्रीनवर विचारेल, ती मॉनिटरवर आली तर एंटर दाबा, बोर्डावर आली की बोट लावा.

जि. प. शाळा, शिक्षिका

सोमवारी करून बघते आणि सांगते. शनिवारी लाईट नसते आमच्याकडे.