संध्याकाळी साडेसातनंतर फायबर नेट रांगतं. दोष घरातला की लाइनचा? (नेरुळ)

नमस्कार. नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. मी गाणं शिकवते, संध्याकाळचे क्लास ऑनलाइन असतात. मुली पुण्याच्या, नाशिकच्या, एक रत्नागिरीची. गेले तीन आठवडे साडेसात वाजले की आवाज तुटायला लागतो आणि दहा-सव्वादहाला आपोआप सुरळीत होतो.

परवा यमनचा आलाप चालू होता. मी ‘नी रे ग’ म्हटलं. तिकडे ‘नी’ पोहोचला, ‘रे’ गायब, आणि थेट ‘ग’. रत्नागिरीची मुलगी अकरा वर्षांची आहे, तिने ऐकलं तसंच म्हटलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून मला चैन नाही.

प्लॅन १०० एमबीपीएसचा, अपलोडही तेवढाच. दुपारी ९० च्या वर मिळतात. रात्री साडेआठला डाउनलोड १८-२० आणि अपलोड जेमतेम ३. खरं तर एका व्हिडिओ कॉलला ३ सुद्धा पुरायला हवेत, म्हणून मला वाटतं दुखणं वेगापेक्षा वाटेत हरवणाऱ्या पॅकेट्सचं, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांचं आहे.

आधी वायफायवर संशय घेतला, कारण २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारची वीसेक नावं दिसतात. ५ वर गेले, फरक नाही. लॅन केबल थेट लॅपटॉपला लावली, तरी तेच. टीव्ही, फोन सगळं बंद केलं. नवऱ्याच्या फोनमधले फोटो सारखे गूगलवर चढत असतात, तेही थांबवलं. मग पिंग करून, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. राउटरला १ मिलिसेकंद, शंभरात एकही हरवत नाही. बाहेर गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला दुपारी ५ आणि रात्री १४० ते २००, वर शंभरात सहा-सात हरवतात.

तीन तक्रारी झाल्या. फोनवर राउटर बंद-चालू करायला सांगतात. माणूस येतो सकाळी अकराला, स्पीड टेस्टमध्ये ९४ दाखवतो आणि तक्रार बंद. राउटरच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) −२६.८ डीबीएम दिसते. त्याला विचारलं तर “लाइट येतेय ना ताई, मग झालं” एवढंच म्हणाला. हा आकडा ठीक आहे का? आणि त्रास संध्याकाळीच का व्हावा?

प्रतिसाद १

ताई, चाचण्या अगदी बरोबर केल्यात. तुमचं घर आणि वायफाय दोन्ही सुटले. मला यात दोन वेगळे दोष दिसतात.

−२६.८ अगदी काठावरचं आहे, म्हणजे प्रकाश जेमतेम पोहोचतोय. घरच्या जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटणारी पद्धत) उपकरणाची मर्यादा साधारण −२७ ते −२८ असते, −२० च्या आसपास असेल तर काळजी नाही. फायबर कुठेतरी मुडपली असेल किंवा जिन्यातल्या डब्यात कनेक्टरवर धूळ बसली असेल. ते दुरुस्त करून घ्याच, पण दोष तेवढाच असता तर दुपारीही त्रास झाला असता. रोज ठरल्या वेळी होतो म्हणजे गर्दी. एका स्प्लिटरवर (एक फायबर अनेक घरांत विभागणाऱ्या डबीवर) ३२ किंवा ६४ घरं असतात आणि सगळ्यांत मिळून अपलोड सुमारे १.२५ गिगाबिटच. त्यापुढची एरियाची लाइन त्याहून अरुंद असू शकते.

रात्री साडेआठला ट्रेसराउट चालवा, त्यात डेटा कुठल्या टप्प्यांतून जातो आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो ते दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला वेळ वाढून शेवटपर्यंत तसाच राहिला तर गर्दी त्यांच्याच जाळ्यात आहे. मधल्या एखाद्याच टप्प्याला वाढला आणि पुढे कमी झाला तर सोडून द्या. तक्रार करताना डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्या, त्याच्या जोरावर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेकट्याच्या तक्रारी हाती घेत नाही.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. काल माणूस आला तेव्हा त्याला जिन्यातला डबा उघडायला लावला. पिवळी वायर झाकणाखाली चेपली होती. सरळ केली, कनेक्टर पुसला, आता −२१.३ आहे. पण रात्री पुन्हा तेच. ट्रेसराउटमध्ये दुसऱ्याच टप्प्याला १५५ आणि शेवटपर्यंत तेवढेच. दुपारचा आणि रात्रीचा स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून डॉकेट नंबरसह पाठवला. या वेळी राउटर बंद-चालू करा असं कुणी म्हटलं नाही. एरियाच्या लाइनवरचा भार तपासून शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणाले.

तोवर दोन मुलींना सकाळी साडेसहाला घेतेय. रत्नागिरीच्या मुलीची शाळा सकाळची आहे, तिला जमत नाही. तिचा तास फोनच्या हॉटस्पॉटवर, व्हिडिओ बंद ठेवून घेतला तर सूर नीट पोहोचतील का? कुणी असं शिकवत असेल तर कृपया सांगा, तिचा क्लास परवा आहे.