शब्दचर्चा : समेट, सलोखा की आणखी काही?

वाशीचा मास्तर
अकरावीच्या मुलांसाठी दक्षिण आफ्रिकेवर टिपण करतोय. वर्णभेदाची राजवट गेल्यावर १९९५च्या कायद्याने तिथे त्या काळातल्या अत्याचारांची सुनावणी करायला एक आयोग नेमला गेला, 'ट्रूथ अँड रिकन्सिलिएशन कमिशन', अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. आयोगाच्या नावातला पहिला शब्द 'सत्य', तिथे अडचण नाही. दुसऱ्यापाशी, 'रिकन्सिलिएशन'पाशी, गाडी अडते. कुणी 'समेट' लिहितं, कुणी 'सलोखा', एकाने तर 'सामंजस्य' लिहिलंय. पोरं फरक विचारणार, तेव्हा उत्तर हवं. टुटू पाद्र्याचा झगा घालून बसत, कामाची सुरुवात प्रार्थनेने करत, आणि यावर तिथल्याच काहींनी नाकं मुरडली होती. तेव्हा शब्दाला धर्माचा थोडा वास आला तर मला चालेल.

नौपाड्याचे वकील
समेट आमच्या रोजच्या वापरातला. उभयपक्षी समेट झाला की कोर्टात पुरसिस (तसं लेखी निवेदन) देतात, दावा निकाली. दोघांनी थोडं थोडं सोडायचं, बस्स. ठाणे कोर्टाच्या पायऱ्या उतरताना एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावाभावांचेही समेट मी केलेत. 'तह' राजेलोकांचा. पुरंदरचा तह १६६५चा, २३ किल्ले द्यावे लागले आणि १६७०पासून महाराजांनी ते परत घ्यायला सुरुवात केली. जोर फिरला की तह फिरतो. 'दिलजमाई' आता फक्त निवडणुकीच्या बातम्यांत उरलीय. आणि मास्तर, 'मांडवली' मुलांना सांगू नका, त्यांना आधीच माहीत असते.

मुंब्रेकर
वकीलसाहेबांनी सलोखा सोडून दिला. 'सुलह' आणि 'सुलूक' हे अरबीतले वेगळ्या मुळांचे शब्द. सुलह म्हणजे तडजोड, बिघडलेलं नीट करणं. अकबराच्या 'सुलह-ए-कुल'मधला, म्हणजे सगळ्यांशी जुळवून घेण्याच्या धोरणातला, तो. सुलूकच्या मुळाशी वाट चालणं आहे. वागणूक असाही अर्थ, आणि सूफी मंडळी साधनेच्या वाटेला सुलूक म्हणतात, चालणाऱ्याला सालिक. आपल्या 'सलोख्या'चं नातं या सुलूकशी लावतात. मला ते पटतं, कारण आपण समेट 'करतो' पण सलोख्याने 'राहतो'. क्रियापदच बघा ना.

भिवंडीवाला, सध्या कळवा
मुंब्रेकर भाई, बरोबर. मी 'शांतते'बद्दल बोलतो, कारण ठाणे जिल्ह्यात हा शब्द पोलीस ठाण्यातून येतो. गणपती आणि ईद जवळ आली की शांतता समितीची बैठक. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, वेफर. एक मौलाना, एक महाराज, दोन-तीन ट्रस्टी, नगरसेवक. प्रत्येक जण उठून सांगतो, 'आमच्या भागात काही होणार नाही, साहेब.' फोटो निघतो. या बैठका वाईट नाहीत, पण त्या 'शांतता राखा'वाल्या पाटीसारख्याच: गप्प बसा एवढाच अर्थ.

भिवंडीत १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भडकलं, न्या. मादन आयोगाने चौकशी केली. १९८४ला पुन्हा तेच. त्यानंतर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या. त्यात पुढारी नकोत, गल्लीतली साधी माणसं हवीत, दोन्ही समाजांची, सोबत त्या भागातला पोलीस. आणि काही घडलेलं नसतानाही बसायचं. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

मग यात धर्म कुठे, असं कुणी विचारेल. मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, मशिदीपाशी वाजंत्री कधी थांबवायची, असल्या गोष्टींत. व्यासपीठावरून 'सर्व धर्म प्रेम शिकवतात' म्हणायला काही लागत नाही. नमाजाची वेळ आणि ढोलाची वेळ एका कागदावर लिहायची तर शेजारी बसावंच लागतं. याला मी सलोखा म्हणेन.

चेंदणीकर
आम्ही बेने इस्रायली, म्हणजे इथले मराठी ज्यू. ठाण्यातलं आमचं सिनेगॉग १८७९चं. शुक्रवारी संध्याकाळी 'शब्बाथ शालोम' म्हणतो, तो शालोम, म्हणजे शांती, सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या मुळात पुरं होणं, उणं न राहणं आहे. त्याच मुळापासून हिब्रूत 'पैसे चुकते करणं' हे क्रियापद बनतं.

मराठीत बघा. भांडण 'मिटतं', जसे डोळे मिटतात. कर्ज, नवस, ऋण मात्र 'फिटतं' किंवा आपण ते 'फेडतो'. केलेलं पापही इथेच फेडायचं असतं. भांडण फिटलं असं कुणी म्हणत नाही, मेख तिथेच आहे. मिटलेलं पुन्हा उघडतं. देवाधर्माच्या बोलण्यात आपल्याकडे फेडण्याचे एवढे शब्द आहेत, ते राजकारणात कुणी आणत नाही. मास्तर, त्या आयोगाने पीडितांना भरपाई सुचवली होती ना? मिळाली का?

वाशीचा मास्तर
२००३मध्ये एकरकमी ३०,००० रँड (तिथलं चलन) द्यायचं ठरलं. आयोगाने सुचवलं होतं त्याहून बरंच कमी, तेही उशिरा. तुमच्या भाषेत, मिटलं पण फिटलं नाही. म्हणून टुटूंची क्षमा खोटी ठरत नाही, पण क्षमा मागायला आणि करायला लावणारा चर्चवाला, आणि पैसे देणारं सरकार, दोघांची गाठ पडली नाही.

घोडबंदर, मूळ कुडाळ
मास्तरांनू, एक शब्द आमचो घ्या: गाऱ्हाणं. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे ती देवासमोर घालतात. गुरव उभा राहतो, नारळ ठेवतो आणि गावाचं काय चुकलंमाकलं, कुणावर काय आलंय, ते मोठ्याने बोलतो. प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे म्हणतात, 'व्हय महाराजा!' ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तोही त्यातच उभा असतो आणि त्यालाही 'व्हय' म्हणावं लागतं. त्या आयोगापुढे २१,०००हून जास्त लोकांनी आपल्यावर काय गुदरलं ते सांगितलं, त्यातल्या कितीतरी जणांनी सगळ्यांदेखत. ही सुनावणी नव्हे, गाऱ्हाणंच.

दुसरा शब्द 'कौल'. त्या आयोगाकडून गुन्हेगारांना सरसकट माफी नव्हती. गुन्हा राजकीय हेतूने केलेला हवा आणि सगळं खरं सांगायला हवं. पश्चात्ताप दाखवायची मात्र अट नव्हती. ७,०००हून जास्त अर्ज आले, बहुतेक फेटाळले गेले. याला क्षमा म्हणता येत नाही, कारण क्षमा करणारा वेगळा असतो. परागंदा झालेली रयत परत यावी म्हणून पूर्वी सरकार अभयाचा कौल देई, तसं हे. आणि देवाला लावतात तोही कौलच: उजवा लागेल की डावा ते आधी कळत नाही.

मुंब्रेकर
'व्हय महाराजा' भारी. आमेनसुद्धा हेच काम करतं, फक्त शेजाऱ्याविरुद्ध बोलताना नाही.

नौपाड्याचे वकील
गाऱ्हाण्याला माझी हरकत नाही, एक सावधगिरी. देवळातल्या गाऱ्हाण्यात ज्यांना उभंच राहू दिलं नाही, ते 'व्हय' कुठून म्हणणार? वेशीबाहेरच्यांचं गाऱ्हाणं कुठल्या गुरवाने घातलं, तेही मुलांना विचारू द्या.

घोडबंदर, मूळ कुडाळ
व्हय वकीलसाहेब. हां प्रश्न तुम्ही टिपणात घालाच, मास्तर.

वाशीचा मास्तर
घालतो. आयोगाच्या नावात 'सलोखा' ठेवतो, कारण त्यांना एकाच देशात राहायचं होतं. साक्षींना 'गाऱ्हाणी'. भरपाईच्या परिच्छेदाला 'न फिटलेलं'. माफीला 'कौल' लिहायचा मोह होतोय, पण वर्गात विचारून पाहिलं, तर ऐरोलीच्या एका मुलाने सांगितलं, 'सर, कौल म्हणजे गावच्या घराच्या छपरावरचं.' मागच्या बाकावरून दुरुस्ती आली: 'नाही रे, एग्झिट पोल.'

भिवंडीवाला, सध्या कळवा
मग 'अभय' लिहा. पेपर तपासणाऱ्यालाही कळेल.