भारदस्त शब्द आणि साधे शब्द
इंग्रजीतले 'बाय' आणि 'परचेस' (विकत घेणं) एकच, दुसरा फक्त भारदस्त, असं म्हणतात, पण मला ते तितकंसं पटलं नाही. एखाद्याची थाप पचली नाही तर 'आय डोन्ट बाय इट' म्हणतात. तिथे 'परचेस' घालून बघा, हसं होईल. उलट खडकावर बोटांना पक्की पकड मिळाली तर ती 'परचेस', तिथे 'बाय' चालत नाही.

१०६६ मध्ये फ्रान्समधले नॉर्मन इंग्लंड जिंकून तिथे आले आणि पुढची काही शतकं दरबारात, कोर्टात फ्रेंच चालली. त्यामुळे मूळचा इंग्रजी 'हेल्प' घरातला राहिला, फ्रेंचमधून आलेला 'असिस्ट' दरबारी झाला. बुडणारा माणूस 'असिस्ट!' म्हणून ओरडत नाही. (आपणही 'साहाय्य!' म्हणून कुठे ओरडतो?)

पण सगळं या घरगुती-दरबारी हिशेबात बसत नाही. फोन 'आन्सर' करतात, 'रिस्पॉन्ड' नाही. पेशंट मात्र औषधाला 'रिस्पॉन्ड' करतो, तिथे 'आन्सर' बसत नाही. 'बिगिन' आणि 'स्टार्ट' तर दोन्ही साधेच, तरी गाडी फक्त 'स्टार्ट' होते. म्हणून नुसता अर्थ पाठ करण्यापेक्षा शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते बघावं. मी तरी डिक्शनरीत आधी उदाहरणाची वाक्यं वाचतो, अर्थ नंतर.