मदत हवी आहे : सायनसमुळे आवाज बसतो का? काकडा तोंडावर आलाय

खानापूरची_सूनबाई

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. प्रश्न माझ्या सासऱ्यांचा आहे. मामांचं वय ६२. गावच्या भजनी मंडळात चाल तेच धरतात. कोजागिरीनंतर काकडा सुरू झाला की महिनाभर पहाटे देवळात पहिला आवाज त्यांचाच.

सायनस त्यांना जुनाच. इकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांना बुरशी आणि मामांचं नाक चोंदलेलं, हे जूनपासून ठरलेलं. डोकं जड होतं, गाल ठणकतो, घशात मागून काहीतरी उतरतंय म्हणून दिवसभर खाकरत असतात. त्याची घराला सवय झाली होती. पण यंदा आषाढीनंतर आवाज बिघडला तो अजून सुधारेना. सकाळी घोगरा, दहापर्यंत जरा मोकळा, संध्याकाळी भजनाला बसले की दुसऱ्या अभंगातच दमतो. वरच्या सुरात फाटतो. पूर्वी पेटीच्या काळी तीनमध्ये, म्हणजे उंच पट्टीत म्हणायचे, आता पेटीवाला काही न बोलता खालची काळी एक धरतो. मामांना ते कळतं, तेही काही बोलत नाहीत.

बेळगावात एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. सीटी स्कॅन झाला. डाव्या गालाच्या सायनसमध्ये पू साठलाय आणि नाकाचा पडदा वाकडा आहे म्हणाले. दुर्बिणीनं ऑपरेशन करू या असं सुचवलंय. मामा तयार नाहीत. नाकाला सुरी लागली की सूर जातो, असं मंडळातल्या कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय.

हा आवाज सायनसमुळेच गेलाय का? ऑपरेशननं आणखी बिघडेल का? आणि काकड्यापर्यंत घरी काय करता येईल?

बेळगावी_कुंदा

ज्येष्ठमध चघळायला द्या आणि रात्री हळद-दूध. आमच्या आजोबांचा आवाज असाच बसायचा.

घसा_डॉक्टर

ताई, मी याच विषयातला आहे, चिकोडीकडचा. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण एक गोष्ट तुमच्या पोस्टमध्ये दिसली नाही. सीटी झाला, नाक पाहिलं. स्वरयंत्र कुणी पाहिलं का? तोंडातून आरसा घालून किंवा नाकातून बारीक दुर्बीण खाली सरकवून?

हे का विचारतोय ते सांगतो. आवाज निघतो तो स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंच्या कंपनातून. नाक आणि घसा त्याला पुढे रंग देतात. त्यामुळे सायनसवाल्या माणसाच्या आवाजात दोन वेगळे बिघाड होऊ शकतात आणि घरचे लोक दोन्हींना 'आवाज बसला' म्हणतात.

पहिला चोंदलेल्या नाकाचा. म, न, ण यांना नाकातून हवा लागते. ती बंद झाली की म चा ब होतो, न चा द होतो. मामांना 'ज्ञानोबा माउली तुकाराम' म्हणायला सांगा. 'बाउली तुकाराब' असं काहीसं आलं तर नाक बंद आहे. आता 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायला सांगा. यात नाकातलं एकही अक्षर नाही. तेही घोगरं, फाटकं येत असेल, तर बिघाड खाली स्वरतंतूंवर आहे.

सायनसमुळे हा दुसरा बिघाडही होतो, पण आडवाटेनं. मागून उतरणारा चिकट शेंबूड घशाला टोचत राहतो, म्हणून माणूस खाकरतो, आणि प्रत्येक खाकरण्यात दोन्ही तंतू एकमेकांवर आपटतात. नाक बंद म्हणून रात्रभर तोंडानं श्वास, त्यानं ते कोरडे पडतात. आवाज लागत नाही म्हणून गाणारा जोर लावतो, मानेचे स्नायू आवळतो. अशानं सूज येते, कधी गाठी होतात.

पण सकाळचा घोगरेपणा, खाकरणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, हे पोटातलं ॲसिड वर आल्यानंही अगदी असंच होतं. भजनाहून रात्री उशिरा येऊन जेवून लगेच आडवं होणाऱ्यांत तर हमखास पाहतो. छातीत जळजळ नसली तरी हे असू शकतं.

घोगरेपणा ३-४ आठवड्यांत गेला नाही तर स्वरयंत्र पाहायचंच, हा आमच्याकडचा साधा नियम. मामांचा तो काळ कधीच उलटलाय. आणि एक विचारतो, राग मानू नका. तंबाखू?

खानापूरची_सूनबाई

डॉक्टर, स्वरयंत्र कुणीच पाहिलं नाही. नाकात बघितलं आणि सीटीला पाठवलं. 'विठ्ठल विठ्ठल' पण घोगरंच येतंय, 'माउली' तर ऐकवत नाही.

तंबाखू आहे. चुना लावून, मळून, तरुणपणापासून. बिडी सोडून बरीच वर्षं झाली.

अजून एक. नाक मोकळं करायचे थेंब रोज रात्री घालतात, मेडिकलमधून आणलेले. ते घातल्याशिवाय झोपच येत नाही म्हणतात.

घसा_डॉक्टर

मग काकड्याचं नंतर. या आठवड्यात स्वरयंत्र तपासून घ्या. बासष्टीच्या माणसाला तंबाखू, जुनी बिडी आणि महिन्यांचा घोगरेपणा असेल, तर कर्करोग नाही ना हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'सायनसचं आहे' असं कुणी म्हणू नये, मीही म्हणणार नाही. बहुतेकदा सूज, गाठ किंवा ॲसिडची लाली निघते. पण स्वरतंतूवरचा कर्करोग आवाजातून लवकर कळतो आणि लवकर कळला तर चांगला बरा होतो, म्हणून ही घाई. दुर्बीण काही मिनिटांचं काम, भूल द्यावी लागत नाही. बेळगावात सिव्हिल हॉस्पिटलला आणि केएलईच्या हॉस्पिटलला, दोन्हीकडे नाक-कान-घशाचा विभाग आहे.

थेंबांचं : ते ३ ते ५ दिवसांपुरते असतात. पुढे तेच नाक जास्त सुजवतात, म्हणून झोप येत नाही. एकदम बंद केले तर पहिले काही दिवस जड जातील, डॉक्टरांना सांगून सोडवा. स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे वेगळा, त्याची सवय लागत नाही. त्याचा गुण यायला आठवडे लागतात आणि तो रोजच मारावा लागतो. नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, कानाच्या दिशेनं धरायची.

पू एकाच बाजूला आहे म्हणालात. डावीकडच्या वरच्या दाढा कशा आहेत? दाढेचं मूळ त्या सायनसच्या तळाशी असतं. तिथून पू चढत असेल तर नाकाच्या औषधांनी तो हटत नाही.

ऑपरेशनचं : ते नाकातून होतं, स्वरयंत्राला हात लागत नाही. भूल देताना श्वासाची नळी मात्र स्वरतंतूंमधून जाते, त्यानं काही दिवस आवाज घोगरा राहू शकतो. गाणारे आहेत हे भूलतज्ज्ञांना आधी सांगा.

निपाणीचा_पेटीवाला

माझं हेच ऑपरेशन झालंय. सूर गेला नाही. पण नाक मोकळं झाल्यावर माझा आवाज मलाच परका वाटायचा, म्हणजे आत वेगळाच घुमायचा. ऐकणाऱ्यांना पूर्वीपेक्षा स्वच्छ वाटत होता. काही आठवड्यांनी जमलं. मामांना एवढं आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी 'गेला सूर' म्हणून बसतील.

मिठाच्या पाण्यानं नाक धुण्याचा मला खूप उपयोग झाला. पेलाभर पाण्याला पाव चमचा मीठ, आयोडीन नसलेलं, आणि चिमूटभर खायचा सोडा. पण पाणी उकळून गार केलेलंच. विहिरीचं, ओढ्याचं, नळाचं थेट घालू नका. केरळात मेंदू खाणाऱ्या अमिबाच्या बातम्या आल्या होत्या, तो नाकातूनच शिरतो.

शब्दस्वर

मी आवाजाच्या रुग्णांसोबत काम करते. दोनच गोष्टी. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्यायचं किंवा नुसता आवंढा गिळायचा. आणि 'आवाजाला विश्रांती' म्हणून मामा कुजबुजत असतील तर तेही थांबवा, बऱ्याच जणांना त्यात जास्त जोर लागतो. हळू पण साध्या आवाजात बोलावं. वाफ घ्यायला हरकत नाही, फक्त त्यात कापूर-निलगिरी नको. पातेलं मांडीवर उलटून भाजलेली माणसं पाहिली आहेत, तेव्हा ते जमिनीवर किंवा टेबलावरच ठेवा. ज्येष्ठमधानं घशाला बरं वाटतं, पण मामांना रक्तदाब असेल तर रोज नको.

पुढे आवाजाचे व्यायाम लागले आणि जवळ कुणी मिळालं नाही, तर म्हैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगमध्ये चौकशी करा. अंतर आहे, पण सरकारी संस्था आहे आणि हेच काम करते.

खानापूरची_सूनबाई

सगळ्यांचे आभार. डाव्या वरच्या दाढेला मोठी कीड आहे आणि मामा त्या बाजूनं चावतच नाहीत, हे सासूबाईंनी आज सांगितलं. इतके दिवस कुणाला त्याचा संबंध लागला नव्हता. उद्या बेळगावला निघतोय, आधी घसा मग दाढ. सीटीची फिल्म सोबत घेऊ का, की नुसता रिपोर्ट चालेल?

घसा_डॉक्टर

फिल्मही घ्या, सीडी दिली असेल तर तीही. आणि ते थेंबांचं बाटलुक खिशात टाका, नाव बघून डॉक्टर पुढचं सांगतील.