शब्दचर्चा: बौद्धिक अक्षमतेचा 'प्रादुर्भाव', 'प्रमाण' की 'व्याप्ती'?

प्रश्न: 'निरनिराळ्या देशांतील मुलांमध्ये बौद्धिक अक्षमतेचा प्रादुर्भाव' अशी वाक्यरचना बरोबर आहे का?

उत्तर १: 'प्रादुर्भाव' अजिबात नको. तो साथीच्या रोगाचा होतो, आणि ही अवस्था कुणाला लागत नाही. इथे मोजतात ते असं: एका ठरावीक काळी, ठरावीक वयाच्या दर हजार मुलांमागे किती जण या अवस्थेत आहेत. त्याला 'व्याप्ती' किंवा 'व्याप्तिदर' म्हणावं. ठरावीक काळात नव्याने पडलेली भर म्हणजे 'नवआढळ दर'. तो इथे फारसा कामाचा नाही. अक्षमतेचं कारण बरेचदा जन्माआधीचं किंवा जन्मावेळचं असतं आणि निदान मात्र शाळेत गेल्यावर होतं, मग 'नवीन' कधीपासून धरायचं?

प्रश्न: 'प्रमाण' सगळ्यांना कळतं की. तेच का लिहू नये?

उत्तर १: लिहा, पण हजारी की शेकडा, कोणतं वय आणि कुणी तपासलं हे त्याच वाक्यात सांगा. भारताच्या 2011च्या जनगणनेत 'मानसिक मंदत्व' या रकान्यात सुमारे 15 लाख माणसं आहेत, म्हणजे हजारी सव्वा. जगभरच्या पाहण्या एकत्र करून काढलेला दर हजारी दहाच्या आसपास येतो. तफावत आठपट आहे. जनगणनेत प्रत्यक्ष तपासणी नसते, घरचा माणूस सांगेल ते नोंदतात. सौम्य अक्षमता तिथे निसटतेच.

उत्तर २: भर घालतो. 2001च्या जनगणनेत 'मानसिक' असा एकच रकाना होता. 2011मध्ये मंदत्व आणि मानसिक आजार वेगळे झाले. त्यामुळे या दोन वर्षांची तुलना करून 'वाढ' किंवा 'घट' लिहू नका. 'मतिमंद' हा शब्द आज टाळावा, पण जुन्या तक्त्याचं शीर्षक उद्धृत करताना मूळ शब्द अवतरणात तसाच ठेवा, नाहीतर काय मोजलं होतं तेच कळत नाही.

प्रश्न: 'मुलं आढळली' आणि 'निदान झालं' यांत फरक करायचा का?

उत्तर २: करायलाच हवा, सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. बांगलादेश, जमैका, पाकिस्तान इथल्या पाहण्यांत 2 ते 9 वर्षांच्या मुलांच्या पालकांना आधी दहा प्रश्न विचारले, ती चाळणी. तज्ज्ञांची तपासणी त्यानंतर. आता हिशेब पाहा. समजा, हजार मुलांत खरोखर 10 जणांना अक्षमता आहे. चाळणी त्यातली 8 पकडते, आणि उरलेल्या 990 पैकी 5 टक्के, म्हणजे 50 जण, चुकून अडकतात. चाळणीचा आकडा 58, खरा 10! म्हणून 'चाळणीत संशयित' आणि 'निदान झालेली' असे दोन वेगळे शब्द ठेवा. चाळणीतून सुटलेल्यांपैकीही काही मुलं तपासावी लागतात, नाहीतर निसटलेली दोन कधीच मोजली जात नाहीत.

उत्तर १: बुद्ध्यांकाची रेषा साधारण 70ला आखतात. सरासरी 100 धरली तर तिच्याखाली सुमारे 2.3 टक्के मुलं येतात. एखाद्या गटाची सरासरी 95 निघाली तर जवळजवळ 4.8. केवळ पाच गुणांनी आकडा दुप्पट होतो. शिवाय बुद्ध्यांकासोबत रोजच्या व्यवहारातली अडचणही पाहावी लागते, म्हणून 'बुद्ध्यांक 70खाली' हा 'बौद्धिक अक्षमता'चा समानार्थी शब्द म्हणून वापरू नका. देशादेशांची तुलना लिहायचीच असेल तर आधी 'तीव्र' गटाची लिहा. श्रीमंत देशांच्या पाहण्यांत तो बराच स्थिर, हजारी तीन-चारच्या आसपास असतो; गरीब देशांत मात्र तो जास्तही आढळला आहे. सर्वांत जास्त चढउतार 'सौम्य' गटात दिसतो.