मदत हवी आहे: तळं नसलेल्या धबधब्यासाठी खालचा खड्डा केवढा घ्यावा?

नमस्कार मंडळी. बागेतल्या उतारावर छोटा धबधबा करायचा आहे, पण खाली उघडं तळं नको. घरात लहान मूल आहे. पाणी गोट्यांतून झिरपून लायनर (पाणी जमिनीत मुरू न देणारं अस्तर) घातलेल्या खड्ड्यात जाईल आणि पंपाने परत वर चढेल, असं ठरवलंय.

अडलंय ते खड्ड्याच्या मापावर. गोटे भरले की पाण्याला साधारण ४० टक्केच जागा उरते, म्हणजे १००० लिटरच्या खड्ड्यात जेमतेम ४०० लिटर. त्यातलं बरंचसं पंप सुरू होताच वरच्या ओघळीत खेळणार, शिवाय बाष्पीभवन आहेच. पातळी उतरून पंप कोरडा चालला तर जळेल, याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. गोट्यांऐवजी पोकळ प्लास्टिकचे क्रेट रचले तर पाणी खूप जास्त मावेल, पण वरच्या दगडांचं वजन ते पेलतात का? कुणी वापरलेत?

धार ३० सेंमी रुंद आणि उंची १ मीटर. त्या उंचीवर ताशी ४५०० लिटर देणारा पंप पुरेल ना? जवळच झाडाची मुळं आहेत, तेव्हा लायनरखाली जाड फेल्ट घालणारच आहे. स्वतः केलेल्यांनी खड्ड्याची मापं आणि फोटो टाकले तर फार मदत होईल.